एका विद्यार्थ्यामागे रॉड किती? : शाळांतील वेल्डिंग कार्यशाळांबाबत खुले पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांच्या कार्यशाळांसाठी यंत्रसामग्री मंजूर करणारे अधिकारी,
शाळांची व्यवस्थापन मंडळे,
तसेच सामाजिक दायित्व निधीतून शाळांना यंत्रे देणाऱ्या उद्योगांचे व्यवस्थापक यांस

विषय : नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणातील वेल्डिंगची यंत्रे व संरक्षक साहित्य बदलण्याबाबत.

महोदय, महोदया,

भोसरी एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात सत्तावीस वर्षे काढल्यानंतर गेली चार वर्षे मी पुणे शहरालगतच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर वेल्डिंग शिकवतो. शाळेचे नाव मुद्दामच लिहीत नाही. जे तिथे पाहिले तेच थोड्याफार फरकाने आणखी तीन-चार कार्यशाळांत पाहिले आहे, आणि नाव आले की साहित्याची चर्चा बाजूला राहून मुख्याध्यापकांना खुलासा मागवला जातो, हेही पाहिले आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडतो. नववीच्या तुकडीत २४ विद्यार्थी आहेत. आठवड्यातून एकदा जोडतासिका, म्हणजे ७० मिनिटे. हजेरी, साहित्य काढणे आणि शेवटची झाडलोट यांत २० मिनिटे जातात. उरलेल्या ५० मिनिटांत चालू स्थितीतील एका यंत्रावर २४ जणांचे हात फिरवायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे आली. सव्वातीन मिलिमीटरचा एक रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी लेप दिलेली सळई, मिनिटभरात, फार तर सव्वा मिनिटात जळून संपतो. नवशिक्याचा निम्मा वेळ रॉड चिकटण्यात आणि तो हिसका देऊन सोडवण्यात जातो, हे धरले तर आठवड्याला एक रॉड, आणि सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वगळून वर्षभरात पंचवीस-तीस रॉड. माझ्या गाळ्यात नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे भंगारातली पट्टी आणि रॉडचा पुडा ठेवला जाई. शाळेतला विद्यार्थी वर्षभरात जितके रॉड जाळतो तितके तो मुलगा दुपारच्या डब्यापर्यंत संपवत असे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट लिहिलेले आहे. वर्षाला तीस रॉड जाळणाऱ्या मुलाचे नावही त्या टक्केवारीत मोजले जाते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, शाळेला वेल्डिंगची यंत्रे किती दिली हे न मोजता एका विद्यार्थ्याने वर्षभरात किती रॉड जाळले हे मोजावे, आणि तो आकडा वाढवणारे साहित्य आधी घ्यावे. पुढे जे लिहितो आहे ते सगळे या एका मोजमापाला धरून आहे.

आमच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत, दोन यंत्रे आहेत. पैकी दुसरे एका कारखान्याने शाळेला भेट दिलेले जुने, जाडजूड ट्रान्सफॉर्मर यंत्र आहे. ते ४०० अँपिअरचे असून त्याला दोन फेज लागतात आणि आमच्या कार्यशाळेत सिंगल फेज वीज आहे. ते आले त्या दिवशी हार घालून त्याचे छायाचित्र काढले गेले. त्यानंतर ते एकदाही सुरू झालेले नाही. सध्या त्यावर तुळशीची कुंडी आहे. नवीन यंत्राची मागणी केली की 'शाळेकडे दोन यंत्रे उपलब्ध आहेत' असे उत्तर येते, आणि बंद यंत्र रजिस्टरमधून कमी करावे म्हटले तर निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव पाठवावा लागतो, जो आम्ही पाठवून दोन वर्षे झाली. देणाऱ्याची भावना चांगलीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु शाळेत वीज कोणती, जागा किती आणि मुले कोणत्या जाडीचे लोखंड जोडणार, हे तीन प्रश्न कोणीही विचारले नव्हते.

ट्रान्सफॉर्मर यंत्राला मी नावे ठेवत नाही. माझे अर्धे आयुष्य त्याच्या घूंऽऽ अशा आवाजात गेले आहे, आणि ते जळाले तर भोसरीत वाइंडिंग करणारा कारागीर दुसऱ्या दिवशी उभे करून देतो. शाळेसाठी मात्र ते गैरसोयीचे आहे. ते वजनाने अवजड आहे, विजेचा झटका मोठा घेते, आणि त्याचा करंट पायरीपायरीने बदलतो, त्यामुळे नवशिक्याला हवा तो नेमका करंट लावता येत नाही. याउलट इन्व्हर्टर प्रकारच्या वेल्डिंग यंत्रात वीज आधी एकदिश करून, मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेली जाते. त्यामुळे आठ-दहा किलोचे यंत्र मूल एका हाताने उचलून कपाटात ठेवू शकते. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत रॉड चिकटला की करंट आपोआप पडतो, आणि पेटवताना क्षणभर जास्त करंट मिळतो. अनुभवी वेल्डरला या सोयी चैनीच्या वाटतील. पंधरा वर्षांच्या मुलाची दोन मिनिटे त्यांनी वाचतात.

येथे खरेदी करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी सांगतो, कारण निविदेत ती हमखास सुटते. यंत्राच्या तोंडावर छापलेला २०० हा आकडा पाहून यंत्र घेऊ नये. मागच्या पाटीवरची ड्यूटी सायकल पाहावी. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे ४० अंश तापमानात दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे त्या करंटवर काम आणि चार मिनिटे विश्रांती. स्वस्त यंत्राच्या पाटीवर तोच २०० अँपिअर वीस-तीस टक्क्यांवर दिलेला असतो, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल महिन्यात ते सारखे थंड होत बसणार आणि चोवीस जणांची रांग तिष्ठत राहणार. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर पुरतात, सव्वातीनच्या रॉडला ९० ते १३०. तेव्हा शाळेला मोठा आकडा नको, ६० टक्क्यांवर खरोखर १६० अँपिअर देणारी लहान यंत्रे हवीत, आणि ती एक-दोन नव्हे, चार हवीत. बरोबर पुण्यात दुरुस्तीची सोय असलेली किमान तीन वर्षांची हमी हवी, कारण इन्व्हर्टरचे सर्किट कोपऱ्यावरचा वाइंडिंगवाला दुरुस्त करू शकत नाही. आकुर्डी-चिंचवडच्या पट्ट्यात वेल्डिंगची यंत्रे तयार होतात. त्याच गावच्या शाळेतले यंत्र दुरुस्तीवाचून सहा महिने पडून राहावे, हे काही शोभत नाही.

ग्राइंडिंगची लोखंडी धूळ हा इन्व्हर्टरचा शत्रू. यंत्राचा पंखा ती आत ओढून घेतो आणि पावसाळ्यात ती सर्किटवर बसून यंत्र जाळते. ग्राइंडर दुसऱ्या कोपऱ्यात ठेवणे आणि महिन्यातून एकदा ब्लोअर मारणे, इतक्यावर हे भागते. त्याला मंजुरी लागत नाही.

आता डोळ्यांविषयी, आणि याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात नववीतील एका मुलीचा नंबर आला. डाव्या हातात तोंडापुढे धरायची हँड स्क्रीन, उजव्या हातात रॉड पकडणारा होल्डर. स्क्रीनमधली काच काळी असते. आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची प्रखर ज्योत, पेटेपर्यंत तिच्यातून काळोखाशिवाय काहीही दिसत नाही. म्हणजे रॉडचे टोक पट्टीवर कुठे टेकवायचे ते आधी उघड्या डोळ्यांनी बघायचे, मग स्क्रीन तोंडापुढे आणायची आणि अंदाजाने रॉड ओढायचा. तिचा रॉड चिकटला. तिने तो सोडवला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. तिसऱ्या वेळी ती स्क्रीनच्या कडेवरून वाकून पाहू लागली आणि नेमका त्याच क्षणी आर्क पेटला. "काही नाही झालं सर," असे ती म्हणाली, आणि खरोखरच तेव्हा काही झालेले नव्हते. रात्री दीड वाजता तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, पोरीच्या डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं झालंय, डोळे उघडेनात. बटाट्याच्या चकत्या ठेवू का?"

आर्कमधील अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो, आणि वेदना सहा ते बारा तासांनी, म्हणजे मूल घरी जाऊन जेवून झोपल्यावर सुरू होतात. बटाट्याच्या चकत्यांचा उपाय गाळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; मीही तरुणपणी त्या ठेवल्या आहेत. त्या मुलीच्या वडिलांना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. दोन दिवसांत डोळे बरे झाले. पुढच्या आठवड्यात ती वर्गात आली, पण यंत्राकडे पाठ करून शेवटी उभी राहिली, आणि तिच्यामागून आणखी दोघी तशाच उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी रविवार पेठेतील बोहरी आळीतून स्वतःच्या पैशाने एक ऑटो-डार्क हेल्मेट आणले. त्याची काच नेहमी फिकट असते, त्यातून पट्टी आणि रॉड दोन्ही स्पष्ट दिसतात. आर्क पेटताच सेन्सर तो ओळखतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात काच गडद होते. अतिनील किरणे अडवणारी गाळणी काच फिकट असतानाही काम करत असते, त्यामुळे सेन्सर एखाद्या वेळी चुकला तरी तसे भाजण्याचा धोका नसतो. आणि हेल्मेट डोक्यावर बसत असल्याने डावा हात मोकळा होतो. त्या मुलीने तो डावा हात उजव्या मनगटाखाली टेकूसारखा धरला, रॉड न चिकटता पेटला आणि ती हेल्मेटच्या आतून ओरडली, "सर, लोखंड पाण्यासारखं हलतंय!" ते वितळलेले लोखंड आणि त्यामागून सरकत येणारा स्लॅग (वितळलेला मळ) वेगळा ओळखता येणे, एवढेच खरे तर वेल्डिंगमध्ये शिकायचे असते, हात मग आपोआप त्याच्या मागे जातो. काळ्या काचेआड दोन मिनिटांत ते कोणालाही दिसत नव्हते आणि मी मात्र फळ्यावर आकृत्या काढत बसलो होतो.

म्हणून खरेदीच्या यादीत यंत्राच्याही आधी हेल्मेट लिहावीत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक यंत्रामागे दोन, एक करणाऱ्याला आणि एक शेजारी उभे राहून पाहणाऱ्याला. आमच्या करंटला १० ते ११ क्रमांकाची गडदता पुरते, ती बदलता येणारे हेल्मेट घ्यावे. चोवीस डोकी एकच पट्टा घामाने भिजवतात, तेव्हा वेगळे पट्टे नसतील तर प्रत्येकाला एक सुती टोपी तरी द्यावी. यंत्रांच्या मध्ये आडोसा लागतो, कारण चमक बहुधा स्वतःच्या नव्हे तर शेजाऱ्याच्या आर्कची लागते. त्यासाठी पत्र्याचे पार्टिशन चालेल, फक्त त्याला चकाकी नसलेला रंग द्यावा. शाळांच्या भिंतींना कंबरेपर्यंत जो चकचकीत ऑइलपेंट दिलेला असतो त्यावरून किरण परतून हेल्मेटच्या मागच्या बाजूने डोळ्यांत येतात.

कपड्यांचे थोडक्यात सांगतो. शाळेचा गणवेश टेरिकॉटचा असतो. ठिणगी पडली की सुती कापड जळून भोक पडते, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. आम्हाला मिळालेले चामड्याचे हातमोजे मोठ्या माणसाच्या मापाचे आहेत. त्यांत मुलांची बोटे इतकी पोकळ राहतात की होल्डर धरता येत नाही, म्हणून मुले ते काढून ठेवतात, आणि तपासणीला आलेले साहेब 'मोजे असून वापरत नाहीत' असा शेरा मारून जातात. लहान मापाचे मोजे बाजारात मिळतात. मागणीपत्रात माप लिहिण्यासाठी रकाना मात्र नसतो. पायातल्या बुटांचेही तेच. मुलींच्या ओढण्या मी दारातच खुंटीवर लावायला सांगतो.

धुराकडे आजवर कोणीच गांभीर्याने पाहिलेले नाही, आणि त्यात मीही आलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. आमच्या कार्यशाळेत धुरासाठी भिंतीवर आठ फूट उंचीला एग्झॉस्ट फॅन आहे. वाकून काम करणाऱ्या मुलाच्या नाकासमोरून धूर वर जातो आणि मग फॅनपर्यंत पोहोचतो, म्हणजे फॅनच्या आधी तो मुलाच्या फुप्फुसात जाऊन आलेला असतो. धूर उगमापाशीच ओढला पाहिजे. ओढणाऱ्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके लांब गेले तरी हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्शावर येतो, म्हणून सहा इंची नळी असेल तर तिचे तोंड आर्कपासून वीतभराच्या आतच हवे. टेबलाच्या मागच्या कडेला फट ठेवून तिच्यामागे ब्लोअर लावला तरी चालते. असे टेबल अकरावीची मुले स्वतः तयार करू शकतील. जस्त चढवलेले जीआय पाइप शाळेत जोडायला देऊच नयेत. त्यांच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, आणि त्यावर गूळ खा, दूध प्या एवढाच उपाय गाळ्यात सांगितला जातो.

विजेबाबत आधी शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. पट्टीला लावायच्या परतीच्या चिमट्याला वेल्डर 'अर्थिंग' म्हणतात, आणि इमारतीच्या खऱ्या अर्थिंगलाही तोच शब्द आहे. त्यामुळे 'अर्थिंग आहे का?' या तपासणी-प्रश्नाला शाळेतून प्रामाणिकपणे 'आहे' असे उत्तर जाते, आणि जमिनीतला खड्डा कोरडा ठणठणीत असतो. तेव्हा प्रश्न सुधारावा आणि अर्थिंगचा रोध मोजून आकडा लिहून घ्यावा. ८० अँपिअरवर काम करणारे लहान इन्व्हर्टर यंत्र २३० व्होल्टवर साधारण १४-१५ अँपिअर ओढते, म्हणजे १६ अँपिअरचे सॉकेट जेमतेम पुरते. चार यंत्रांना चार वेगळ्या तारा, प्रत्येकीला एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा खटका), आणि त्यानुसार शाळेचा मंजूर भार वाढवून घेणे, हे यंत्रे येण्यापूर्वी व्हावे, नंतर नव्हे. जुलैत ओले बूट घालून आलेल्या मुलाच्या हातात होल्डर असतो तेव्हा, आर्क पेटलेला नसताना, त्याच्या टोकाला ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. हा दाब काम थांबताच खाली आणणारी व्हीआरडी नावाची सोय अनेक इन्व्हर्टर यंत्रांत येते, आणि अशा ओलसर जागी वापरण्यायोग्य यंत्राच्या पाटीवर चौकटीत 'एस' हे अक्षर असते. निविदेत या दोन गोष्टी नावानिशी लिहाव्यात. एल-१, म्हणजे सर्वांत कमी, दराच्या स्पर्धेत जे लिहिलेले नसते ते येत नाही.

इतके सगळे मिळाले तरी रॉड आणि लोखंड नसेल तर यंत्रे कुंडीखालीच जातील. यंत्राला एकदाच पैसे लागतात, रॉडला दर महिन्याला, आणि दर महिन्याचा खर्च कोणालाच नको असतो. ६०१३ क्रमांकाचा साधा रॉड पावसाळ्यात दमट होतो, तडतडतो, जोडाच्या धारेत (बीडमध्ये) भोके सोडतो. मुलाला वाटते आपलाच हात वाईट. रॉड कोरडे ठेवायला आत बल्ब पेटता ठेवलेली पत्र्याची पेटी पुरते. लोखंडाबाबत चाकण-भोसरीच्या उद्योगांना माझी खास विनंती आहे. आपल्याकडे कटिंगमध्ये सहा मिलिमीटरच्या पट्टीचे वीतभर लांबीचे बिनरंगाचे, बिनगॅल्व्हनाइज्ड तुकडे रोज भंगारात जातात. महिन्याला एक टेम्पो तुकडे शाळेत पोहोचले तर हार घातलेल्या यंत्रापेक्षा त्याचा उपयोग मोठा होईल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते आणि व्यवसाय कौशल्य-शिक्षण त्या यादीत आहे. त्या रकमेत तीन वर्षांचे रॉड, काचा आणि हातमोजे बसवावेत.

काही ठिकाणी आता पडद्यावरचे वेल्डिंग सिम्युलेटर देण्याची बोलणी ऐकू येतात. ते वाईट नाहीत. पण त्यात उष्णता नाही, धूर नाही, चिकटणारा रॉड नाही, आणि एकावेळी एकच मूल त्यावर काम करते. रांग तेवढीच राहते.

चालू खर्चाचा एक मार्ग आपल्याच जिल्ह्यात कधीपासून दाखवून दिलेला आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) या अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग, बांधकाम, विजेची कामे शिकता शिकता गावाची खरी कामे करतात. आमच्या शाळेतही गेल्या वर्षी मुलांनी वर्गातले अकरा मोडके बाक जोडले. बाहेरच्या कारागिराला दिले असते तर जो खर्च आला असता तो वाचला, पण ती बचत कार्यशाळेच्या नावे जमा करण्यासाठी हिशेबात शीर्ष (स्वतंत्र खाते) नाही, असे कळले. असे शीर्ष उघडण्याची परवानगी शाळांना द्यावी. ग्रामपंचायतीची फाटके, अंगणवाडीची खिडकी, पाणपोईची जाळी, अशी कामे पुष्कळ आहेत, आणि स्वतःच्या गावात लागणारे फाटक मूल वेगळ्याच काळजीने जोडते. अर्थात वजन पेलणारी कामे, उदाहरणार्थ पाण्याच्या टाकीचे स्टँड किंवा जिन्याचे कठडे, मुलांना देऊ नयेत. त्याबाबत मी फार कडक आहे.

आपल्याकडून नेमके काय हवे ते आता लिहितो. तपासणीच्या नमुन्यात 'यंत्रांची संख्या' या रकान्याशेजारी 'चालू स्थितीतील यंत्रे' आणि 'मागील सत्रात प्रति विद्यार्थी वापरलेले रॉड' असे दोन रकाने घालावेत. भेट म्हणून येणारे यंत्र स्वीकारण्यापूर्वी निदेशकाची लेखी शिफारस आवश्यक करावी. निर्लेखनाचे प्रस्ताव तीन महिन्यांत निकाली काढावेत. आणि या जूनपासून जिल्ह्यातील निदान पाच शाळांत चार लहान यंत्रे, आठ हेल्मेट, आडोसे, धूर ओढणारी टेबले आणि वर्षभराचे रॉड एकदमच द्यावेत. तुकड्यातुकड्यांनी देऊ नयेत, कारण हेल्मेटशिवाय आलेल्या चार यंत्रांनी चारपट डोळे भाजतील. चार यंत्रे चालली तर आमच्या २४ मुलांपैकी प्रत्येकाला दोनऐवजी आठ मिनिटे मिळतात. म्हणजे वर्षाला शंभरावर रॉड. आयटीआयमध्ये वर्षभराचा वेल्डर अभ्यासक्रम करणाऱ्या मुलाशी त्याची बरोबरी होणार नाही, पण पुढे तिकडे जायचे की नाही, हे त्या मुलाला स्वतःच्या हाताच्या अनुभवावरून ठरवता येईल.

आमचा वर्ग बुधवारी आणि शनिवारी सकाळी असतो. आपल्यापैकी कोणी आल्यास प्रत्यक्ष होल्डर हातात घेऊन एक रॉड जाळून पाहावा, अशी विनंती आहे. येताना सुती कपडे आणि चामड्याचे बूट घालावेत. हेल्मेट आम्ही देऊ. त्या मुलीच्या वडिलांनी गेल्या दिवाळीत शाळेला एक घेऊन दिले, त्यामुळे आता आमच्याकडे दोन आहेत.

आपला विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक निदेशक (वेल्डिंग)
पुणे